चिंचोक्यांची विहीर

भूगर्भातील पाणी डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच त्याविषयी अनेक भ्रामक समजुती रूढ झाल्या आहेत. जमिनीखाली एखादे अथांग सरोवर पसरलेले असावे, असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. आपल्या बेळगाव भागात ठिकठिकाणी काळा पाषाण आहे. पावसाचे पाणी मातीतून झिरपते आणि पाषाणावरील मुरमात व पाषाणाच्या भेगांत साठते. ही साठवण मर्यादित असते. शिवाय, भेगा शेताचा बांध ओळखत नाहीत. त्यामुळे एकाने उपसा वाढवला की शेजाऱ्याच्याही विहिरीचे पाणी खाली जाऊ शकते.

हे विधान पाठ करणे सोपे, पण मनाला पटणे कठीण. ते पटावे म्हणून आम्ही वर्गात एक खेळ खेळतो. अशा प्रकारचा खेळ आंध्र प्रदेशातील खेड्यांत शेतकऱ्यांना खेळावयास दिला गेला होता. त्याच धर्तीवर आमचा हा खेळ आहे.

पाच जणांचा एक गट करावा. मध्ये ताटात पन्नास चिंचोके ठेवावेत. हे गावाच्या जमिनीखालील पाणी. दरवर्षी प्रत्येकाने गुपचूप चिठ्ठीवर पीक लिहावे. ज्वारीस एक चिंचोका लागतो व दोन रुपये मिळतात. उसास तीन चिंचोके लागतात व पाच रुपये मिळतात. वर्ष संपले की पावसाचे पाच चिंचोके ताटात पडतात.

पाचही जणांनी ऊस लावला, तर दरवर्षी पंधरा चिंचोके जातात व पाच येतात. चार वर्षांत पन्नासाचे दहा उरतात आणि पाचव्या वर्षी सर्वांच्या उसास पाणी पुरत नाही. पाचही जणांनी ज्वारी लावली, तर जेवढे जाते तेवढेच येते. साठा पन्नासच राहतो.

येथे चतुर खेळाडू विचारतो, "ताट रिकामे झाले तरी पावसाचे पाच चिंचोके येणारच ना? मग आधी ऊस लावून पैसे का मिळवू नयेत?" शंका रास्त आहे. तिचे उत्तर म्हणून आम्ही एक चिठ्ठी राखून ठेवतो. तिच्यावर 'दुष्काळ' असे लिहिलेले असते व ती कोणत्या वर्षी निघेल हे कोणालाच ठाऊक नसते. त्या वर्षी पाऊस एकही चिंचोका देत नाही. ज्यांच्या ताटात पन्नास आहेत ते निभावून जातात. ज्यांचे ताट रिकामे आहे त्यांना पिकास तर नाहीच, पण घागरभर पिण्यासही पाणी उरत नाही. साठा हीच दुष्काळातील ठेव होय.

पहिल्या डावात बोलण्यास मनाई असते. "मी एकट्याने ज्वारी लावून काय होणार? बाकीचे ऊस लावणारच," असा विचार जो तो करतो आणि ताट रिते होते. दुसऱ्या डावात आपसांत बोलण्याची मुभा देतात. मात्र बोलल्याबरोबर शहाणपण येते असे नाही. आंध्रातील प्रयोगाचा अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की, पहिल्या वर्षी खेळताना केलेल्या चर्चेचा विशेष उपयोग झाला नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा खेळताना मात्र झाला. खेळानंतर त्या गावांपैकी अधिक गावांनी पाण्याच्या नोंदवह्या ठेवल्या व उपशाचे नियम केले. केवळ खेळाने भूजल वाढत नाही, हेही त्या अभ्यासकांनी स्पष्ट केले आहे.

नोंदवहीचे महत्त्व येथेच आहे. ताटातील चिंचोके सर्वांना दिसतात. जमिनीखालचे दिसत नाहीत. 1924 साली महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा खोदलेली टिळकवाडीची काँग्रेस विहीर प्रसिद्धच आहे. उघड्या विहिरीत वाकून पाहिले की पाणी किती खोल गेले ते लहान मुलालाही कळते. कूपनलिकेत डोकावता येत नाही. म्हणून आम्ही वाचकांस एवढेच सुचवतो: दोरीला हात-हात अंतरावर गाठी माराव्यात, टोकास दगड बांधावा आणि घराजवळील विहिरीचे पाणी काठापासून किती गाठी खाली आहे हे दरमहा वहीत लिहून ठेवावे. वैशाखातील आणि श्रावणातील आकडे शेजारी-शेजारी मांडले म्हणजे आपल्या गावाच्या ताटात किती चिंचोके उरले आहेत, याचा अंदाज आपणांस येऊ लागेल.