ऑपरेशन ठरले? जुना दमा लपवू नका



गळीत हंगाम संपला, बिले जमा झाली की लांबणीवर टाकलेली ऑपरेशने निघतात. हर्निया, पित्ताचे खडे, गर्भपिशवी. शेतकी खात्याच्या माणसाने यात का पडावे, असे कोणी म्हणेल. पण आमच्या नानांचे, म्हणजे थोरल्या चुलत्यांचे, उदाहरण डोळ्यांपुढे आहे. चाळीस वर्षे बिडी आणि गुऱ्हाळाचा धूर. खड्यांच्या ऑपरेशनआधी डॉक्टरांनी विचारले, "दम लागतो का?" नाना म्हणाले, "छे, साधा खोकला आहे." तारीख पुढे जाईल म्हणून आम्हीही गप्प राहिलो. खडे सुखरूप निघाले. तिसऱ्या दिवशी ताप, घरघर, न्यूमोनिया. बारा दिवस ऑक्सिजनवर काढले.

असे का होते? भूल दिली की श्वास उथळ होतो, फुप्फुसाच्या तळाचे बारीक वायुकोश मिटतात. निरोगी माणूस नंतर खोल श्वास घेऊन, खोकून ते मोकळे करतो. जुन्या दमेकऱ्याच्या श्वासनळ्या आधीच अरुंद, कफ जास्त, आणि कफ वर ढकलणारी लव धुराने निकामी झालेली. त्यात टाके दुखतात म्हणून तो खोकत नाही. कफ साचतो, तिथेच जंतू वाढतात. छातीच्या व पोटाच्या वरच्या भागातील ऑपरेशनात धोका अधिक, कारण श्वासाचा पडदा तिथेच जवळ असतो. मायभगिनींनी बिडी ओढली नसेल, पण चुलीचा धूरही तेच करतो.

तेव्हा दमा, जुना खोकला, पूर्वीचा क्षय, सगळे भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगा. बिडी निदान 4 आठवडे आधी बंद. 8 मिळाले तर उत्तम. (तोडीची वाट आपण याहून जास्त पाहतो!) एकदम सोडली तर कफ वाढून धोका होतो, हा समज खरा नाही. दम्याचा पंप आपल्या मनाने बंद करू नये. तीन गोळ्यांचे श्वासाचे यंत्र आधीच आणून सराव करावा. ऑपरेशननंतर गुंगीत कोण शिकणार? नंतर जागेपणी तासातासाला दहा खोल श्वास, टाक्यांवर उशी धरून खोकणे, आणि डॉक्टर हो म्हणताच चालणे. भेटायला आलेली मंडळी "पडून राहा, हलू नका" म्हणतात. ते मायेपोटी, पण ऐकू नये. ताप, पिवळा-हिरवा बेडका, बोलताना धाप, यांपैकी काही दिसले तर घरी आल्यावरही लगेच दवाखाना गाठावा.

पुढे नानांचे हर्नियाचे ऑपरेशन निघाले. या वेळी सगळे खरे सांगितले. डॉक्टरांनी तारीख पाच आठवडे पुढे ढकलली, बिडी सोडायला लावली, कमरेत सुई देऊन काम केले. चौथ्या दिवशी नाना घरी आले, ते स्वतःच्या पायांनी.

— ऊस विकास अधिकारी