नाना आणि प्रमिलाताई

प्रा. मधु दंडवते ऊर्फ नाना यांचे नाव निघाले की कोकण रेल्वेचा विषय निघतोच. प्रमिलाताईंचा उल्लेख मात्र बहुतेकदा ‘त्यांच्या पत्नी’ एवढ्यावर आटोपतो. हे मला सलते, कारण हा संसार दोन स्वतंत्र कार्यकर्त्यांचा होता.

नाना सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत. 1955 साली गोव्याच्या सत्याग्रहात त्यांनी पोर्तुगीज पोलिसांचा बेदम मार खाल्ला. 1971 पासून राजापूरने त्यांना सलग पाच वेळा लोकसभेत पाठवले. प्रमिलाताई राष्ट्र सेवा दलातून आलेल्या, मुंबई महापालिकेच्या नगरसेविका. महागाईविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्यांतही त्या पुढे होत्या.

आणीबाणीत नाना बंगळुरूच्या तुरुंगात, प्रमिलाताई येरवड्यात. मधे शेकडो मैल आणि तुरुंगाधिकाऱ्यांची कात्री. तरी पत्रे येत-जात राहिली. तक्रारीचा सूर लावायला दोघांनाही पुरेसे कारण होते, पण त्या पत्रांत पुस्तके, कविता आणि संगीतही भरभरून आहे.

1977 साली नाना रेल्वेमंत्री झाले. 1974 च्या संपात बडतर्फ झालेल्या कामगारांना त्यांनी पुन्हा कामावर घेतले. 1977 च्याच डिसेंबरात मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली. तिला पहिला वर्गच नव्हता. दुसऱ्या वर्गाच्या उघड्या लाकडी बाकांवर दोन इंची फोमच्या गाद्या आल्या त्याही नानांच्याच काळात. रात्रभर फळीवर कूस बदलत गेलेल्या माणसाला त्या दोन इंचांचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. माझ्या मते समाजवादाचा इतका रोकडा पुरावा दुसऱ्या कुठल्या मंत्र्याने क्वचितच दिला असेल. पुढे 1990 मध्ये कोकण रेल्वे महामंडळ उभे राहिले, तेव्हा नाना अर्थमंत्री होते आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री.

प्रमिलाताई 1980 साली मुंबईतून लोकसभेवर गेल्या. हुंडाबंदीच्या 1961 च्या कायद्याला दातच नाहीत, हे महिला दक्षता समितीच्या कामात त्यांनी जवळून पाहिले होते. म्हणून दुरुस्तीचे खासगी विधेयक त्यांनी स्वतः मांडले. 1984 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. महिला आरक्षणाचा आग्रह त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. त्यासाठीचे विधेयक 1996 साली पहिल्यांदा लोकसभेत आले आणि 2023 मध्ये मंजूर झाले. प्रमिलाताई 2001 च्या अखेरीस गेल्या होत्या, नाना 2005 मध्ये.