‘मला नाही बुवा भीती वाटली!’

भुताचा चित्रपट संपून खोलीतला दिवा लागला की पहिले वाक्य ठरलेले असते : ‘ह्यॅ! मला नाही बुवा भीती वाटली!’ हे वाक्य सहसा घरातला कर्ता पुरुष म्हणतो, नाहीतर शेंडेफळ. मग भुताच्या तोंडावर पावडरच कशी फासली होती, दार आपोआप उघडताना मागे कोण उभे असणार, याची चर्चा रंगते. आणि रात्री अकराच्या सुमारास तोच वीर पाणी प्यायला उठतो तेव्हा बाहेरच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंतचे सगळे दिवे लावत जातो. त्याचे खरे मत ते दिवे सांगतात!

प्रेक्षकांची ही दोन मते, एक तोंडाने दिलेले आणि एक अंगावरच्या काट्याने दिलेले, ज्याला ओळखता आली त्यालाच कमी पैशांतला भूतपट जमला. आपल्याकडे हे सर्वांत आधी ओळखले ते रामसे बंधूंनी. १९७० मध्ये त्यांच्या कुटुंबाचा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ हा चित्रपट पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा चढवून चोरी करतात, त्या प्रसंगाला प्रेक्षक दचकत होते. तेवढ्याच प्रसंगासाठी काहीजण पुन्हा तिकीट काढत होते. तुलसी आणि श्याम या भावांनी हे थिएटरात बसून हेरले. नुसते दचकायला माणसे पैसे मोजत असतील, तर सगळा चित्रपटच तसा का करू नये?

त्यातून १९७२ मध्ये ‘दो गज जमीन के नीचे’ आला. नामवंत नट नाहीत, भव्य सेट नाहीत. सगळी मंडळी बिऱ्हाड घेऊन महाबळेश्वरला गेली आणि तिथेच चित्रीकरण उरकले. सात भावांपैकी कुणी कॅमेरा धरला, कुणी ध्वनी सांभाळला, कुणी संकलन केले. लग्नघरात कामे वाटून घ्यावीत, तसाच प्रकार. पुढे १९८४ च्या ‘पुराना मंदिर’ने तर भरपूर गल्ला जमवला. समीक्षकांनी नाके मुरडली. प्रेक्षक मात्र येत राहिले.

आमच्या येरवड्यातला गुंजन चौक आज वाहतुकीच्या कोंडीसाठी प्रसिद्ध असला, तरी त्याला ते नाव मिळाले एका चित्रपटगृहामुळे. एका पडद्याच्या थिएटरात भूतपट पाहणे हा सार्वजनिक सोहळा असे. भूत आले की पुढच्या रांगांतून शिट्टी यायची, कुणीतरी नायिकेला ‘अगं, मागे बघ!’ म्हणून ओरडायचे, आणि पाठोपाठ सगळे थिएटर हसायचे. भीती वाटून घेतली की ती कमी होते, हे त्या अंधारात कुणी न शिकवता कळायचे. आता मुले कानात इअरफोन घालून, पांघरुणात मोबाईल धरून एकेकटी घाबरतात. स्वस्त झाले खरे, पण ‘मागे बघ!’ म्हणणारे शेजारी गेले.

पैसे कमी असण्याचा भूतपटाला तोटा होतोच असे नाही. अमेरिकेत १९९९ मध्ये आलेल्या ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’मध्ये तीन तरुण, एक जंगल आणि हलता कॅमेरा एवढाच संसार होता. चेटकीण शेवटपर्यंत दिसतच नाही. ‘पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी’ हा २००७ चा चित्रपट एका राहत्या घरात, सुमारे पंधरा हजार डॉलरमध्ये तयार झाला. दोन्हींनी कोट्यवधी डॉलर मिळवले. भूत दाखवायला पैसे लागतात. भूत न दाखवता नुसती चाहूल द्यायची असेल, तर उरलेले काम प्रेक्षकाचे मन फुकटात करते. आपल्या आज्या कंदिलाच्या उजेडात हकामारीची गोष्ट सांगत, त्यांचे तरी भांडवल काय होते?

मराठीत हे उत्तम साधले ते विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’ने. २०१७ च्या जुलैत आलेल्या या चित्रपटात डामडौल नाही. उसाच्या फडात एकाकी घर, दिवस भरत आलेली तरुणी, तिची काळजी घेणारी एक बाई आणि अवतीभवती खेळणारी मुले. पूजा सावंत आणि उषा नाईक या दोघींनीच तो बराचसा तोलून धरला आहे. ऊस आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्यात शिरल्यावर दोन हातांपलीकडचे दिसत नाही, हेही ठाऊक असते. पण खरी भीती उसात नाही. या भुतांच्या मुळाशी ‘मुलगी नको’ म्हणणारे घर आहे. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ९१३ मुली होत्या. २०११ मध्ये त्या ८९४ उरल्या. हे आकडे ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला ‘भूतबीत काही नसते’ असे म्हणून सुटता येत नाही. २०२१ मध्ये याच दिग्दर्शकाने ‘छोरी’ नावाने तो हिंदीत केला.

आता थोडे आमच्या गावाबद्दल. येरवड्याचा पत्ता सांगितला की समोरचा हमखास विचारतो, ‘आतले की बाहेरचे?’ इथे मध्यवर्ती कारागृह आहे आणि मोठे मनोरुग्णालयही. कुणी जरा विचित्र वागला की ‘याला येरवड्याला पाठवा’ असे महाराष्ट्रभर म्हटले जाते. आम्हीही हसून सोडून देतो. पण भूतपट पाहताना हा पत्ता आठवतो. कारण पडद्यावर ‘झपाटलेली’ बाई जे करते, म्हणजे रात्र रात्र जागणे, कोपऱ्याकडे पाहून बोलणे, आपल्याच माणसांना न ओळखणे, त्यासाठी खऱ्या आयुष्यात माणसे उपचाराला येतात.

आमच्या नात्यातली एक वहिनी बाळंतपणानंतर अशीच झाली होती. झोप उडाली, बाळाला जवळ घेईना, एकटीच पुटपुटायची. वडीलधाऱ्यांनी ‘बाहेरचं’ आहे असे ठरवले. अंगारे झाले, उतारे झाले, एका देवऋषीने मिरच्यांची धुरीही दिली. यात सहा महिने गेले. मग कुणीतरी हिंमत करून डॉक्टरांकडे नेले. औषधे सुरू झाली आणि वहिनी हळूहळू बरी झाली. आज ती सुना-नातवंडांत आहे.

एकदा सगळे जमलेले असताना टीव्हीवर राम गोपाल वर्मा यांचा २००८ चा ‘फूंक’ लागला होता. हा चित्रपट थिएटरात एकट्याने पाहून दाखवणाऱ्याला पाच लाख रुपये देण्याची घोषणा दिग्दर्शकाने केली होती. त्यात नास्तिक बापाची लहान मुलगी झपाटते, डॉक्टरांचे काही चालत नाही, आणि शेवटी मांत्रिक धावून येतो. त्या प्रसंगाला आमच्याकडची सगळी पोरे पुढे सरसावून बसली. वहिनी मात्र उठली आणि मोरीत जाऊन भांडी घासायला बसली. चित्रपटाबद्दल ती एक शब्दही बोलली नाही. आजवर ऐकलेल्या साऱ्या अभिप्रायांत मला तो सर्वांत जड वाटतो.

म्हणून भूतपटांवर बंदी घाला, असे अजिबात म्हणायचे नाही. गोष्टीत भूत असावे, मांत्रिकही असावा. प्रेक्षक एवढा भोळा नसतो. पण अंधश्रद्धेविरुद्ध आयुष्य वेचणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा याच पुण्यात २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला. त्यानंतर त्याच वर्षी झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत पहिलेच कलम आहे ते भूत उतरवण्याच्या बहाण्याने माणसाला बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे याबद्दलचे. असा कायदा करावा लागला, याचा अर्थ हे सारे पडद्याबाहेरही चालत होते.

तेव्हा सुट्टीच्या दिवशी मुलांबरोबर भूतपट जरूर बघा. एकत्र बसून बघा, किंचाळा, हसा, पावडर ओळखा. मात्र संपल्यावर ‘भीती वाटली का?’ एवढेच विचारून थांबू नका. ‘ती बाई आपल्या घरातली असती, तर तिला कुठे नेले असते?’ हेही विचारा. मुले बरोबर उत्तर देतात, असा माझा अनुभव आहे. मोठ्यांना जरा वेळ लागतो.

आणि रात्री पाणी प्यायला उठलात, तर दिवे खुशाल लावा. आम्ही कुणाला सांगणार नाही!