फिश टँकचा उजेड : मापाने द्या, वनस्पती आधी लावा

कापडाच्या दुकानात बायका साड्या पाहू लागल्या की बरोबरची मुले कंटाळतात, रडू लागतात आणि होत आलेला सौदा मोडतो. म्हणून काही वर्षांपूर्वी आम्ही भिवंडीच्या आमच्या दुकानात गल्ल्याशेजारी दोन फुटी फिश टँक बसवला. विकणाऱ्याने वर दोन मोठे दिवे लावून दिले, खाली चार हिरव्या काड्या खोचल्या. दुकान उघडे तोवर दिवे चालू, म्हणजे रोज बारा तास.

तिसऱ्या आठवड्यात पाणी हिरवे झाले, काचेवर शेवाळ चढले. आम्ही शेवाळ मारण्याचे औषध टाकले. शेवाळ मेले, वनस्पतीही मेल्या. सारे पाण्यात सडले, प्राणवायू संपला आणि एका रात्रीत सगळे मासे गेले. सकाळी मुले येण्याआधी टँकवर कापड टाकून तो झाकावा लागला. पैशाचे नुकसान भरून निघते, मुक्या जिवांचे निघत नाही. त्यानंतर आम्ही जे शिकलो, ते दुकानात किंवा कारखान्यात टँक ठेवू इच्छिणाऱ्या बांधवांसाठी येथे देत आहोत.

चूक कोठे होती?

चूक औषधाच्या आधीची होती. वनस्पतीला तीन गोष्टी लागतात : उजेड, कार्बन डायऑक्साइड वायू आणि खत. मोठ्या खर्चाच्या टँकमध्ये हा वायू सिलिंडरने देतात. साध्या टँकमध्ये तो माशांच्या श्वासातून आणि तळाच्या मातीतून मिळतो, म्हणजे थोडाच मिळतो. रंगाऱ्याच्या हौदात कापड पेलेल त्यापेक्षा जास्त रंग टाकला, तर उरलेला पाण्यातच राहतो. उजेडाचेही तसेच आहे. वनस्पती वापरते तेवढा तिचा, उरलेला शेवाळाच्या कामी येतो. म्हणून साध्या टँकमध्ये उजेड वायूच्या मापाने द्यायचा असतो.

उजेडाचा हिशेब

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टँकमध्ये माती-खडी धरून सुमारे ४५ लिटर पाणी राहते. त्यावर ६ ते १० वॉटचा एलईडी पुरतो. खास दिव्याची गरज नाही. घरात लावतो तो पांढरा, खोक्यावर ‘६५०० के’ छापलेला दिवा चालतो. जुन्या पुस्तकांत वॉटचे आकडे मोठे दिसतील. ते ट्यूबलाइटच्या काळातले आहेत, एलईडी कमी वॉटमध्ये तेवढाच उजेड देतो.

पहिले दोन महिने रोज सहा तासच दिवा ठेवावा. नंतर वनस्पती जोमात असतील तर आठ तास. आम्ही टायमर लावून दुपारी चार ते रात्री दहा असा वेळ ठेवला आहे, कारण आमचे गिऱ्हाईक त्याच वेळेत येते. टँकवर ऊन पडू देऊ नये. शोकेसमधल्या कापडाचा रंग जे ऊन उडवते, तेच टँकचे पाणी हिरवे करते.

माती आणि वनस्पती

तळाला एक इंच साधी बागेची माती घालावी. तिच्यात शेणखत किंवा रासायनिक खत नसावे. वर एक इंच धुतलेली बारीक खडी. खडीवर लिंबाचा रस टाकून फेस आला तर तिच्यात चुना आहे, ती घेऊ नये. मातीची ही पद्धत डायना वॉलस्टॅड या अमेरिकन बाईंनी १९९९ साली पुस्तक लिहून जगभर पोचवली.

वनस्पती पहिल्याच दिवशी आणि भरपूर लावाव्यात, तळाचा निम्म्याहून जास्त भाग झाकला जावा. आमची चार काड्यांची कंजुषी शेवाळाच्या पथ्यावर पडली होती. मागे व्हॅलिसनेरिया आणि शाळेच्या प्रयोगातली हायड्रिला लावावी. दोन्ही आपल्याकडच्या तळ्यांत वाढतात आणि खत झपाट्याने ओढतात. मध्ये क्रिप्टोकोरीन लावावी. लावल्यावर तिची पाने गळून विरघळतात, पण उपटू नये, मुळातून नवी येतात. जावा फर्न आणि अनुबियास यांचे आडवे खोड मातीत पुरले तर कुजते. ते दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधावे. वर थोडी तरंगणारी वनस्पती सोडली तर जादा उजेड तीच अडवते. मात्र ती दर आठवड्याला कमी करावी.

मासे शेवटी

नळाचे पाणी उघड्या भांड्यात एक दिवस ठेवून मगच घालावे, म्हणजे त्यातला क्लोरीन उडतो. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया होतो. तो पचवणारे सूक्ष्म जीव तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर घाई नको. त्यानंतर गप्पी किंवा झेब्रा जातीचे पाच-सहा मासे सोडावेत आणि हळूहळू वाढवावेत. रात्री वनस्पतीही प्राणवायू घेतात, म्हणून गर्दी करू नये. दर आठवड्याला पाव भाग पाणी बदलावे. पहिल्या महिन्यात तपकिरी थर आला तर घाबरू नये, तो बहुधा आपोआप जातो. हिरवे दिसू लागले तर औषधाकडे हात नेण्याआधी दिवा दोन तास कमी करावा.

विजेची काळजी

पाणी आणि वीज जवळजवळ असतात, म्हणून दिव्याची वायर प्लगच्या खाली लोंबती ठेवावी, म्हणजे थेंब प्लगपर्यंत जात नाही. हात पाण्यात घालण्याआधी प्लग काढावा. भरलेल्या टँकचे वजन सत्तर किलोच्या घरात जाते. काउंटरच्या पातळ फळीवर तो ठेवू नये.

आमच्या आजच्या टँकवर एकच नऊ वॉटचा दिवा आहे. मुले त्याच्यापुढे उभी राहतात आणि त्यांच्या आया निवांतपणे साड्या पाहतात. दोन दिव्यांनी जे बिघडवले होते, ते एका दिव्याने सावरले.