शिवरात्रीचा डबा

पहाटे साडेतीन
सकाळच्या पाळीच्या बसगाड्या उजाडायच्या आत नाशिक रस्त्याला लागतात, त्यामुळे महाशिवरात्रीला भोसरीतल्या आमच्या स्वयंपाकघरात दिवा लवकर लागतो. बऱ्याच कारखान्यांना आज सुट्टी नसते. प्रेसपाशी, असेंब्ली लाइनवर आठ-आठ तास उभं राहणाऱ्या माणसाचा उपास नुसत्या केळ्यावर निभत नाही. म्हणून आमच्या उपासाच्या डब्यात रताळ्याला पहिला मान. साबुदाण्याची खिचडी जेवणाच्या सुट्टीपर्यंत गार होऊन गोळा होते. रताळ्याचा कीस गार झाला तरी मोकळा राहतो, आणि काप मुरल्यावर जास्तच चांगले लागतात.

रताळी चार-पाच दिवस आधीच मोशीच्या उपबाजारातून आणलेली असतात, काही करमाळ्याकडची, काही बेळगावची. बेळगावच्या तांबड्या मातीतलं रताळं मी डोळे मिटून घेते. शेतातून नुकतं निघालेलं रताळं गोडीला कमी असतं. पोत्यात, कोरड्या आणि हवेशीर जागी चार दिवस राहिलं की गोडी वाढते. फ्रीजमध्ये मात्र ते कधीच ठेवू नये. बारा-तेरा अंशांच्या खाली थंडी लागली की आतला गाभा टणक होतो आणि कितीही शिजवला तरी तसाच राहतो.

पहाटे चार
साली काढून रताळी जाड किसणीवर थेट पाण्याच्या घमेल्यात किसायची. हवेत ठेवली की काळी पडतात. किसणाऱ्या मावशींचे हात चिकाने चिकट होतात, म्हणून आधीच तळहाताला तूप चोळलेलं बरं. कीस दोन्ही मुठींत घट्ट पिळून चाळणीवर टाकायचा. घमेल्यातलं पाणी मात्र फेकायचं नाही. अर्ध्या तासात तळाशी पांढरं सत्त्व बसतं. वरचं पाणी अलगद ओतून दिलं की बोटाने खरवडून काढण्याइतका थर मिळतो. पॅटिस बांधायला यासारखं दुसरं काही नाही, आरारूट विकत आणावं लागत नाही.

पहाटे साडेचार
आता खरी गोष्ट आचेची. रताळ्यातल्या पिष्टाची साखर करणारं द्रव्य रताळ्यातच असतं आणि साधारण ६० ते ७५ अंशांच्या दरम्यान ते जोमाने काम करतं. रताळं त्या तापमानात जितका वेळ रेंगाळेल तितकं गोड. झटकन पुढे गेलं तर गोडी बेताची राहते. जपानमध्ये तापलेल्या खड्यांत तासभर भाजलेलं याकी-इमो मधासारखं लागतं ते यामुळेच. म्हणजे तिखट आणि गोड पदार्थ एकाच पोत्यातून निघतात, फरक पडतो तो शेगडीवर. अनेक घरी रताळ्याचा कीस गुळचट होतो आणि लोक रताळ्याला नावं ठेवतात. कढई गच्च भरून, झाकण ठेवून, मंद आचेवर तो वाफवलेला असतो.

आम्ही कीस छोट्या छोट्या घाण्यांनी करतो. लोखंडी कढईत तूप चांगलं तापलं की जिरं, हिरव्या मिरचीचे तुकडे, मग पिळलेला कीस आणि मोठी आच. उलथनं सतत फिरतं. पाच-सहा मिनिटांत कीस पारदर्शक होतो. मग मीठ, दाण्याचं कूट आणि गॅस बंद केल्यावर लिंबू. काहींच्या घरी उपासाला जिरं आणि कोथिंबीर चालत नाही, त्यांचा घाणा सगळ्यांत आधी काढून झाकून ठेवते. ज्याच्या घरची जी रीत असेल, ती डब्यातही पाळली गेली पाहिजे.

“ताई, काप पलटू का?” शेजारच्या शेगडीवरून मावशी विचारतात.

“थांबा मावशी, कडा सुटू द्या.”

तिथे सगळं उलटं. बोटाच्या जाडीच्या चकत्या, पसरट पातेलं, तूप, मंद आच आणि झाकण. सुरी अलगद आत गेली की मगच गूळ. हा क्रम मोडायचा नाही. गूळ आधी पडला की चकती आवळते आणि मऊ व्हायचं नाव घेत नाही. गूळ विरघळून पाकाला बारीक बुडबुडे आले, चकत्यांवर लकाकी चढली, की ओलं खोबरं आणि वेलची. कडेला किंचित करपलेला गूळ मला आवडतो, तो मी खरवडून त्यातच मिसळते.

पावणेसहा
भगर, दाण्याची आमटी, कीस, काप. डबे बंद होतात. आमटीचा डबा वेगळा आणि पिळाच्या झाकणाचा.

साडेआठ
दुसरी खेप चाकणची. मोशी, इंद्रायणीचा पूल, चिंबळी, कुरुळी, नाणेकरवाडी. चाकणच्या तळेगाव चौकात वाहनं खोळंबतात, त्यात आज चक्रेश्वराच्या दर्शनाची गर्दी, शिवाय भीमाशंकरला निघालेल्या गाड्या याच रस्त्यावर. म्हणून टेम्पो रोजच्यापेक्षा तासभर आधी सोडायचा. या खेपेत पॅटिस असतात. त्यासाठी रताळी उकडत नाही, वाफवते. पाण्यात उकडली की लगदा सैल होतो. रताळं आणि बटाटा निम्मे निम्मे, त्यात ते पहाटेचं सत्त्व. आत ओलं खोबरं, मिरची आणि बेदाणे.

दुपारी बारा
आम्हीही फराळ करून घेतो. ताटाकडे बघताना मला दरवेळी नवल वाटतं. रताळं, बटाटा, मिरची, शेंगदाणा ही सगळी मंडळी मूळची अमेरिकेतली, समुद्रापलीकडून आली आणि शंकराच्या उपासाला हक्काने बसली. आपल्या आज्या-पणज्यांनी त्यांना इतक्या मायेने आपलंसं केलं, की कोणी परकं म्हणत नाही.

दुपारी तीन
बिहारहून आलेली मुलं दुसऱ्या पाळीला जाण्याआधी स्वतः डबा न्यायला येतात. त्यांना आमचा कीस फारसा रुचत नाही. त्यांच्या गावाकडे रताळं, म्हणजे शकरकंद, राखेत भाजतात. गॅसवर राख कुठून आणायची? जाड तव्यावर झाकण ठेवून, सालीसकट, मंद आचेवर तासभर भाजते. सालीतून पाक झिरपून तव्यावर काळा डाग पडला की आतून झालं समजायचं. फोडी, सैंधव, मिरपूड, लिंबू. एकाने पहिली फोड उभ्याउभ्याच खाल्ली आणि म्हणाला, “काकी, बस यही चाहिए था।”

रात्री आठ
शिवरात्रीचा उपास सुटतो दुसऱ्या दिवशी, त्यामुळे भांडी घासून झाली तरी काम संपत नाही. वाफवलेली रताळी उरली आहेत. ती गरम असतानाच पुरणयंत्रातून काढायची, कारण गार झाल्यावर शिरा आडव्या येतात. मग रताळ्याच्या निम्मा गूळ घालून कढईत घट्ट आटवायचं, उलथनं उभं राहीपर्यंत. सुंठ आणि जायफळ. उद्या सकाळच्या पाळीला पारण्याच्या डब्यात रताळ्याच्या पोळ्या जातील. कणीक मावशी पहाटे येऊन भिजवतील, थोडी सैलच.