दुधाची फॅट कुठे हरवते? गोठ्यात, वैरणीत की यंत्रात?

पूर्णा : संकलन केंद्रावर यंत्रात दूध जाते आणि मिनिटभरात पावती येते. फॅट 3.3, एसएनएफ 8.4. गाय तीच, पाण्याचा थेंबही घातलेला नाही, तरी दर पडतो. पहिला संशय यंत्रावर जातो. कधी तो खराही असतो. पण बऱ्याचदा फॅट केंद्रावर पोचण्याआधीच कमी झालेली असते.

आधी आकडे समजून घेऊ. अन्नसुरक्षा मानकांनुसार गाईच्या दुधात किमान 3.2 टक्के फॅट आणि 8.3 टक्के एसएनएफ हवे. एसएनएफ म्हणजे फॅट सोडून उरणारे घन पदार्थ : प्रथिने, लॅक्टोज, क्षार. राज्यात दर ठरतो तो मात्र 3.5 आणि 8.5 धरून. 2024 मध्ये सरकारने गाईच्या दुधाला लिटरमागे 5 रुपये अनुदान दिले, तेव्हाही हाच आधार होता. म्हणजे वरच्या पावतीतले दूध कायद्याने शुद्ध, पण व्यवहारात कमी दराचे. लिटरमागे एक रुपया कापला गेला, तर रोज 20 लिटर घालणाऱ्याचे महिन्याला 600 रुपये जातात. पेंडीच्या भावात ही रक्कम लहान नाही.

कडबा गेला, फॅटही गेली

फॅटचा बराच भाग वैरणीतून येतो. गाईच्या पहिल्या पोटात, म्हणजे रूमेनमध्ये, सूक्ष्मजीव तंतुमय चारा कुजवतात. त्यातून तयार होणाऱ्या अॅसेटिक आम्लापासून कासेत फॅट बनते. चारा कमी आणि पीठ-भरडा जास्त झाला, की पोटात आम्लता वाढते, रवंथ घटतो. दूध कदाचित वाढते, पण पातळ होते.

मराठवाड्यात या गोष्टीला पीकपद्धतीचा संदर्भ आहे. एकेकाळी ज्वारी होती, म्हणून घरचा कडबा होता. परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेला ‘परभणी मोती’ हा रब्बी ज्वारीचा वाण धान्याइतकाच कडब्यासाठीही ओळखला जातो. पुढे सोयाबीन वाढले, ज्वारी आटली आणि कडबा विकत घ्यायची वेळ आली. सोयाबीनचे भूस कडब्याची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाही. कालव्याच्या पट्ट्यात उसाचे वाढे फुकट मिळतात, म्हणून त्यांचाच मारा होतो. वाढ्यांत ऑक्झॅलेट असते, ते शरीरातला कॅल्शियम अडवते. त्यामुळे नुसते वाढे घालू नयेत. सोबत कडबा, थोडा द्विदल हिरवा चारा आणि क्षारमिश्रण हवे.

जातीचाही वाटा आहेच. होल्स्टीन संकरित गाय दूध भरपूर देते, फॅट साडेतीनच्या आसपास. आपल्या देवणी आणि लाल कंधारीच्या दुधात फॅट साधारण चार ते साडेचार टक्के, पण दूध कमी. लिटर मोजायचे की फॅट, हा हिशेब गोठ्यात गाय आणतानाच करायला हवा.

वासराच्या वाट्याला मलई

धार काढताना पहिले दूध सर्वांत पातळ आणि शेवटचे सर्वांत घट्ट असते. वासराला शेवटी सोडले, की जास्त फॅटचे दूध त्याच्या पोटात जाते आणि केंद्रावर पातळ दूध पोचते. वासराला उपाशी ठेवा, असा याचा अर्थ नव्हे. त्याचा वाटा आधी मोजून द्यावा आणि कास मात्र पूर्ण रिकामी करावी.

उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर गेला, की जनावर धापा टाकते, चारा सोडते आणि फॅट घसरते. तेव्हा वैरण पहाटे आणि रात्री द्यावी, सावली-पाणी दिवसभर असावे. एसएनएफ अचानक उतरले, तर कासदाह तपासून घ्यावा. कास वरून नीट दिसली तरी आत सूज असू शकते. उपचारात अँटिबायोटिक दिले, तर डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांचे दूध केंद्रावर घालू नये. दूध उकळले म्हणून औषधाचा अंश जातोच असे नाही.

आणि यंत्र?

दूध न ढवळता नमुना घेतला किंवा त्यात हवेचे बुडबुडे राहिले, तर आकडा फसवतो. अशा वेळी जुनी गर्बर चाचणी उपयोगी पडते : 10 मिली गंधकाम्ल, 10.75 मिली दूध, 1 मिली अमाइल अल्कोहोल, मग यंत्रात फिरवून फॅटचा थर मोजायचा. आम्ल जळजळीत असते, त्यामुळे हे काम प्रयोगशाळेतच करावे.

परभणीत 1972 पासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आता ते नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली आहे. गोठ्याचे व्यवस्थापन आणि दूध-मांसाची प्रत हे दोन्ही तिथले अभ्यासाचे विषय. सल्ला घ्यायला जाताना आठ दिवसांच्या पावत्या, सकाळ आणि संध्याकाळच्या वेगवेगळ्या, आणि रोज काय-किती वैरण घातली याची नोंद सोबत न्यावी.