जळगावचा 'डेल्टा प्लस' आणि गटारीतला पुरावा

21 जून 2021. करोनाची दुसरी लाट ओसरत होती आणि लोक कुठे जरा घराबाहेर पडू लागले होते. त्याच दिवशी तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी राज्यात 'डेल्टा प्लस' या नव्या उपप्रकाराचे 21 रुग्ण सापडल्याचं सांगितलं. त्यात रत्नागिरीचे 9 होते आणि जळगावचे 7. ऑगस्टमध्ये राज्याचा आकडा 45 झाला. तेव्हा 13 रुग्णांसह जळगाव पहिल्या क्रमांकावर होतं.

अशी बातमी वाचली की मनात एकच गोष्ट बसते: नवा विषाणू जळगावात निघाला. तो समज आधी दूर करू. डेल्टा प्लस जूनच्या आधीच ब्रिटनसह अनेक देशांत सापडलेला होता. उपप्रकार ओळखायचा तर रुग्णाच्या नमुन्यातल्या विषाणूची जनुकीय अक्षरं ओळीने वाचावी लागतात. याला जनुकीय क्रमनिर्धारण म्हणतात. हे काम महाग आणि सावकाश होणारं, त्यामुळे हजारो रुग्णांतल्या थोड्यांचेच नमुने त्यासाठी जात. ज्या जिल्ह्यातून नमुने गेले, तिथे सापडला. जिथून गेलेच नाहीत, तिथे तो नव्हता असं कोणीच म्हणू शकत नव्हतं. शिवाय निष्कर्ष हातात येईपर्यंत काही आठवडे उलटत. तोवर रुग्ण बहुधा बरा होऊन कामाला लागलेला असे.

आता असं समजा, की त्या वर्षीच्या मे महिन्यात जळगावच्या लेंडी नाल्यातून आणि धुळ्यात पांझरेला मिळणाऱ्या एखाद्या नाल्यातून दर आठवड्याला बाटलीभर पाणी तपासलं जात होतं. तसं झालं असतं तर चित्र सात किंवा तेरा माणसांपुरतं राहिलं नसतं. सबंध वस्तीत कोणता उपप्रकार किती प्रमाणात आहे याचा अंदाज आला असता, आणि तोही कुणाच्या नाकात काडी न घालता. हे तंत्र साधं आहे, पण त्याबद्दलचे गैरसमज पुष्कळ आहेत.

गैरसमज: करोना श्वासाचा आजार; तो गटारीत कसा सापडेल?

करोनाची लागण झालेल्या बऱ्याच लोकांच्या विष्ठेतून विषाणूचे जनुकीय तुकडे बाहेर पडतात. खोकला-ताप नसलेल्यांच्याही पडतात. दवाखान्यात न गेलेला, चाचणी टाळलेला, घरीच काढा घेऊन बरा झालेला, असा प्रत्येक माणूस शौचालयात जातोच. म्हणून सांडपाण्यात सगळ्यांची हजेरी लागते. नेदरलँड्समध्ये 2020 च्या सुरुवातीला आणि आपल्याकडे अहमदाबादच्या सांडपाण्यात त्याच वर्षी हे तुकडे सापडले.

गैरसमज: म्हणजे नाल्याच्या पाण्यातून करोना पसरतो.

सापडतात ते बहुतेक विषाणूचे मोडके तुकडे. सांडपाण्यातून करोनाची लागण झाल्याचा ठोस पुरावा नाही. पण म्हणून नाल्याचं पाणी निर्धोक आहे असंही नाही. कावीळ, विषमज्वर, कॉलरा, पोलिओ यांचा प्रवास याच पाण्यातून होतो. नमुना घेणारा हातमोजे घालतो तो याच कारणाने.

गैरसमज: हे करोनाच्या काळातलं नवं खूळ आहे, आणि परदेशी आहे.

महाराष्ट्रात हे काम वीस वर्षांहून जुनं आहे. 2001 पासून मुंबईत पोलिओसाठी सांडपाण्याचे नमुने तपासले जातात. परळच्या एंटरोव्हायरस संशोधन केंद्राने हे काम वर्षानुवर्षं केलं. त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. पोलिओची लागण झालेल्या साधारण दोनशे मुलांत एखाद्यालाच लुळेपणा येतो. बाकीची हसतखेळत हिंडतात आणि विषाणू पसरवत राहतात. लुळं पडलेलं मूल दिसेपर्यंत थांबलं, तर तोवर शेकडो मुलांना लागण होऊन गेलेली असते. गटारीत मात्र तो आधीच दिसतो. धुळ्यापासून पन्नासेक किलोमीटरवरच्या मालेगावात 2010 साली पोलिओचे रुग्ण सापडले होते, हे खानदेशातल्या जुन्या आरोग्यसेवकांना आठवत असेल. देशातला शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी पश्चिम बंगालमध्ये नोंदला गेला, आणि 2014 च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. त्यानंतरही नाले तपासणं थांबलं नाही. रुग्ण एकही नाही, पण विषाणूही खरोखरच नाही, हे ठामपणे सांगायला हाच पुरावा लागतो.

पुढे याच पद्धतीने करोनाचे उपप्रकार शोधण्याचं काम पुण्यात झालं. तिथल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या संशोधकांनी नोव्हेंबर 2021 ते एप्रिल 2022 या काळात शहरातल्या 10 मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांतून 442 नमुने घेतले. डेल्टा मागे पडून ओमायक्रॉन पुढे कसा आला, हा सगळा बदल त्यांना सांडपाण्यात पाहता आला.

गैरसमज: गटारीत शेकडो लोकांचं मिसळलेलं असतं, त्यातून उपप्रकार वेगळा ओळखताच येणार नाही.

ही शंका रास्त आहे. कोणा एका रुग्णाचा अख्खा विषाणू सांडपाण्यातून जुळवून काढणं जवळपास अशक्यच. पण तशी गरजही नसते. प्रत्येक उपप्रकारात ठरावीक जागी ठरावीक बदल असतात. डेल्टा प्लसमध्ये डेल्टाच्या बदलांसोबत काटेरी प्रथिनात 417 व्या जागी आणखी एक बदल होता. नमुन्यातले हजारो तुकडे वाचले की कोणते बदल किती वेळा आले ते मोजता येतं, आणि त्यावरून संगणक प्रमाणाचा हिशोब मांडतो: यात डेल्टा इतका, ओमायक्रॉन इतका. हा अंदाज असतो आणि अंदाज म्हणूनच वाचायला हवा. दर आठवड्याला तोच नाला, त्याच वेळी, त्याच पद्धतीने तपासला की त्यातला चढउतार बोलू लागतो. एखाद-दुसऱ्या नमुन्यावरून मात्र काही ठरवू नये.

गैरसमज: नाल्यातला विषाणू वाढला म्हणजे तितके रुग्ण वाढले.

इथे पाऊस मध्ये येतो. जुलैत नाला फुगला की तुकडे पातळ होतात, आणि मेमध्ये तोच नाला आटतो. मग खरी वाढ कोणती आणि पाण्याचा खेळ कोणता? यावरचा उपाय खानदेशी माणसाला आवडेल. मिरचीच्या झाडावर रोग आणणारा एक विषाणू आहे. तिखटातून, मसाल्यातून तो आपल्या पोटात जातो, आपल्याला काहीही करत नाही आणि तसाच बाहेर पडतो. नंदुरबारच्या बाजारातली मिरची ज्या भागात घरोघरी कुटली जाते आणि शेवभाजीचा रस्सा लाल झाल्याशिवाय जेवण गोड लागत नाही, तिथे त्याची काय कमतरता! जगभरातले शास्त्रज्ञ या विषाणूचा माप म्हणून उपयोग करतात. करोनाच्या तुकड्यांबरोबर मिरचीचा विषाणूही त्याच प्रमाणात घटला असेल, तर नाल्याला पाणी वाढलं एवढंच. मिरचीचा तेवढाच राहिला आणि करोनाचा घटला, तर साथ खरंच उतरते आहे.

एवढं करूनही रुग्णांचा नेमका आकडा निघत नाही. कुणाच्या शरीरातून किती आणि किती दिवस विषाणू बाहेर पडेल याचा नेम नसतो. कोणता उपप्रकार जास्त जीवघेणा आहे, हेही पाणी सांगत नाही. ते दवाखान्यातल्या नोंदींवरूनच कळतं. म्हणून रुग्णांच्या चाचण्या बंद करून नाले तपासावेत असं मी मुळीच म्हणणार नाही. दोन्ही लागतात.

गैरसमज: आपल्याकडे भुयारी गटारी सगळीकडे नाहीत, तेव्हा हे पुण्या-मुंबईलाच जमणार.

अडचण खरी आहे. जळगाव काय, धुळे काय, कितीतरी घरांचा मैला सेप्टिक टाकीत जातो आणि टाकीतून वर आलेलं पाणी उघड्या गटारीला लागतं. पण पोलिओसाठी देशात ठिकठिकाणी उघड्या नाल्यांतूनही नमुने घेतले गेले आहेत. कोणत्या नाल्याला कोणती वस्ती लागते हे माहीत हवं. ते पालिकेच्या सफाई कामगाराइतकं दुसऱ्या कोणाला माहीत नसतं. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांवर जातो आणि त्या उन्हात विषाणूचे तुकडे लवकर नासतात. म्हणून नमुना भल्या पहाटे घ्यायचा आणि बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेत पोचवायचा. धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेने करोनाकाळात चाचण्या केल्या आहेत, म्हणजे विषाणू तपासण्याचं काम हाताळलेली माणसं इथे आहेत. क्रमनिर्धारणासाठी नमुना पुढे पुण्याला पाठवता येईल.

गैरसमज: उद्या आमच्या घरापर्यंत पोचतील, गल्लीला नाव ठेवतील.

हजारो घरांचं पाणी एकत्र झाल्यावर त्यातून एक घर किंवा एक माणूस शोधता येत नाही. तरी ही भीती मी उडवून लावणार नाही. करोनात दारावर लागलेले फलक आणि बांबूने अडवलेल्या गल्ल्या आपण पाहिल्या आहेत. नमुना एकाच इमारतीचा किंवा छोट्या वस्तीचा घेतला, तर तीच वेळ पुन्हा येऊ शकते. म्हणून नमुना मोठ्या नाल्याचाच घ्यावा आणि निष्कर्ष शहराच्या नावाने जाहीर व्हावा, हे आधीच ठरलेलं असावं.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2025 साली 50 शहरांत 10 विषाणूंसाठी अशी देखरेख उभारण्याचं जाहीर केलं आहे. जळगाव आणि धुळ्याच्या महापालिकांनी त्याची वाट न पाहता प्रत्येकी एका नाल्यापासून सुरुवात करावी. आणि एखाद्या पहाटे तुमच्या नाल्यावर कोणी बाटली आणि बर्फाची पेटी घेऊन उभं दिसलं, तर त्याला हुसकावू नका. निष्कर्ष कधी आणि कुठे जाहीर होणार, एवढं मात्र नक्की विचारा.